घराबाहेर पडायचं कारण

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि थोड्याच दिवसांत राज्याची ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मोबाइलवर येऊ लागली. घरात मोबाइल एक, तोही वडिलांच्या नाहीतर दादाच्या खिशात. अभ्यास किती बुडाला याची चर्चा पुष्कळ झाली. पण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड-सोयगावकडच्या वस्तीवर राहणाऱ्या नववीतल्या मुलीचं त्याहून मोठं काही गेलं. तिचं घराबाहेर पडायचं कारणच गेलं.

निर्बंध सैल झाल्यावर पोरं पारावर जमली, क्रिकेट खेळू लागली. मुलीला मैत्रिणीकडे जायचं तरी वहीचं निमित्त लागतं. ‘वही घेऊन येते’ म्हणून निघायचं आणि तासभर बोलत बसायचं. शाळा नाही म्हटल्यावर वही नाही, आणि पोटात दुखतंय हे जिला सांगावं ती शाळेतली बाईही नाही. उरलं पाणी, भाकरी, धाकट्याला सांभाळणं. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की, ‘घरी बसून काय करती, चल वेचायला.’ त्या वर्षी मजुरीच्या पैशाची घराला गरज होती. आईबापांना दोष देववत नाही. पण कमरेला ओटी बांधून ती दिवसभर ज्यांच्यासोबत वेचते, त्या सगळ्या लग्न झालेल्या बायका. बोलणं सासरचं, बाळंतपणाचं, कुणाला आलेल्या स्थळाचं. बरोबरीच्या मुलींत जी पोर असते, तिला या बायकांत बसून महिन्या-दोन महिन्यांत बाईपण येतं. घरालाही मग ती लग्नाएवढी मोठी दिसू लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या होत्या. शेजारच्या बीडमध्ये जवळपास 44, परभणीत 48. राज्यातली ही पाहणी 2019 मधली, म्हणजे महामारीच्या आधीची. महामारीत मग निर्बंधांमुळे पन्नास माणसांतलं स्वस्त लग्न आलं.

शाळा उघडली म्हणजे मुलगी परत आली, असंही होत नाही. इबोलानंतर सिएरा लिओनमध्ये एप्रिल 2015 मध्ये शाळा उघडल्या, पण गरोदर मुलींना वर्गात मज्जाव झाला. तो उठला मार्च 2020 मध्ये. आपल्याकडे असा हुकूम कुणी काढला नाही, तरी मुलीची वाट अडलीच. 4 ऑक्टोबर 2021 ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले आणि महिना संपता संपता एसटीचा संप लागला, तो एप्रिल 2022 पर्यंत. मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास मिशनच्या निळ्या बसही एसटीच्याच. मुलगा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गेला. मुलीला तसं कोण पाठवणार?

रुग्णसंख्या पाहून शाळा बंद कराव्या लागतात, हे मान्य. पण उघडताना आधी बस लागते. आणि बंद काळातही अंगणवाडीच्या अंगणात गावातल्या मुलींना आठवड्यातून दोनदा, अंतर ठेवून, एकत्र बसू द्यायला काय हरकत होती? पोषण आहाराचा तांदूळ वाटायची सोय आपण त्याच दिवसांत केली होती.