अभिरुचीची मालकी

लोकांच्या आवडी भिन्न असतात असे कालिदासाने म्हटले आहे, आणि ग्रंथांविषयीचा वाद मिटवावयाचा झाला म्हणजे हेच वचन आपण सर्वजण पुढे करतो. आम्ही वकिलीच्या धंद्यातले. कोणी एखाद्या कलमाचा शेवटचा तुकडा तेवढा वाचून दाखवला की त्याच्या आधी काय लिहिले आहे हे पाहण्याची आम्हांस खोड आहे. 'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गात इंदुमतीचे स्वयंवर चालले आहे. सुनंदा तिला एकेका राजापुढे नेते आणि त्याचे गुण वर्णन करते. अंगदेशाच्या राजापुढून इंदुमती नजर काढून घेते, तेव्हा कवी सांगतो की, तो राजा वरण्याजोगा नव्हता असे नाही, आणि तिला पारख नव्हती असेही नाही. आवडी वेगळ्या असतात, एवढेच. म्हणजे हे वचन सरसकट नाही, त्याला दोन अटी आहेत. वस्तू पाहण्यासारखी असली पाहिजे आणि पाहणाऱ्याला दृष्टी असली पाहिजे. या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्यावर मग आवडीनिवडीला मोकळीक. आपण मात्र अटी गाळून सवलत तेवढी घेतो. ग्रंथ उघडून न पाहताच 'आमची आवड निराळी' असे म्हणणारा मनुष्य इंदुमतीच्या पक्षाचा नव्हे. तो स्वयंवराला गेलेलाच नाही.

हा विचार सुचण्याचे निमित्त अगदी घरगुती आहे. आमच्या सप्तापुरात काही वाचनप्रेमी मंडळी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतात. एका बैठकीत असे ठरले की, जुन्या व मान्यता पावलेल्या ग्रंथांपैकी आपल्याला कोणते आवडतात आणि पुढे कोणते वाचण्याचा मानस आहे, हे प्रत्येकाने सांगावे. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी महाभारताची अठराही पर्वे दोन वर्षांत संपविण्याचा निश्चय सांगितला. एका तरुण अभियंत्याला टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' एक पानही न गाळता वाचावयाची होती. एका बाईंचा संकल्प ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायापुरताच होता, पण तो वर्षभराचा होता. एका शिक्षकांनी तर शंभर ग्रंथांची यादीच आणली होती आणि वाचून झालेल्या नावांपुढे खुणा केल्या होत्या. त्या घरच्या आजी कोपऱ्यात बसून सारे ऐकत होत्या. त्यांचे वाचन म्हणजे बालपणी वडिलांच्या तोंडून ऐकलेला श्रीधराचा 'हरिविजय'. यादी ऐकून झाल्यावर त्या कोंकणीत म्हणाल्या, "वाचून सोंपलें खरें, पूण उरलें कितें?" मंडळी हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर आहे आणि ते आम्हांस मान्य नाही. ते असे की, मोजून वाचणे हलके, आणि हेतूवाचून, निव्वळ प्रेमाने वाचणे श्रेष्ठ. आपल्या परंपरेने संकल्पाला कधी हलके मानलेले नाही. गुरुचरित्राच्या सप्ताहात पन्नासाहून अधिक अध्याय सात दिवसांत वाटून दिलेले असतात; कोणत्या दिवशी कोठे थांबावयाचे तेही ठरलेले असते. मन लागो वा न लागो, आसनावर बसावे लागते. संकल्पाचा उपयोग नेमका हाच की, ज्या दिवशी प्रेम उणे पडते त्या दिवशी तो माणसाला ग्रंथापुढे आणून बसवतो. प्रत्येक पोथीच्या शेवटी फलश्रुतीही असते. हिला आजचा सुशिक्षित हसतो. पण भाषा सुधारेल, विचार प्रगल्भ होतील, चारचौघांत बोलता येईल, ही त्याच्या मनातली फलश्रुतीच आहे. फक्त तिच्यात संतती आणि संपत्ती यांचा उल्लेख नाही.

हेतू वाचकाचा असतो. ग्रंथ त्याला बांधलेला नसतो. सोळाव्या शतकात गोव्यातील ख्रिस्ती मिशनऱ्यांनी रामायण-महाभारताच्या कथा कोंकणी गद्यात, रोमन लिपीत उतरवून घेतल्या. धर्मप्रसारासाठी इथल्या लोकांची भाषा आणि श्रद्धा जाणून घ्याव्यात, हा त्यांचा उद्देश. त्या वह्या पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात जाऊन पडल्या. आणि ज्या काळातील आपले स्वतःचे लिखाण फारसे उरले नाही, त्या काळच्या कोंकणीचा मोठा पुरावा आज त्याच वह्यांत सापडतो. तेव्हा एखाद्याने मिरविण्यासाठी 'वॉर अँड पीस' हाती घेतली तर आम्ही त्याला दोष देणार नाही. वाचता वाचता ग्रंथाने त्याचा हेतू बदलू पाहिला आणि त्याने तो बदलू दिला नाही, तर मात्र देऊ.

पण ग्रंथाने हेतू बदलला की नाही, हे कळणार कसे? एकट्याने, मुक्याने, आरामखुर्चीत वाचणाऱ्याला ते कळेलच असे नाही. अशा वाचनाची रीत आपल्या घरांत फार जुनीही नाही. पोथीला वाचणारा असे तसा ऐकणाराही असे. श्रीधराने १७०२ साली 'हरिविजय' आणि १७१२ साली 'पांडवप्रताप' पुरा केला, तो ऐकणाऱ्यांसाठी. आमच्या या कन्नड मुलखात कुमारव्यासाचे भारत गमकी गातो आणि शेजारी बसलेला दुसरा त्याचा अर्थ उलगडतो. मोठ्याने वाचणाऱ्याला कंटाळवाणा भाग गुपचूप उलटता येत नाही, न कळलेला शब्द कळल्यासारखा करून पुढे जाता येत नाही. कोणीतरी मध्येच विचारते. म्हणून आपली आवड दुसऱ्यापुढे मांडणे ही वाचनानंतरची करमणूक आहे असे आम्ही मानत नाही. आपण खरोखर वाचले की नाही याची तपासणी तेथेच होते.

मात्र हा दुसरा कोण, याला महत्त्व आहे. याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी दीर्घकाळ इंग्रजीचे प्राध्यापक होते. सभासंमेलनांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. १९८७ साली ते गेल्यानंतर त्यांची पत्रे अनेक खंडांत प्रसिद्ध झाली, तेव्हा हा अबोल वाटणारा मनुष्य ग्रंथांविषयी किती आणि किती मोकळेपणाने बोलत होता हे महाराष्ट्राला समजले. सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार तर विशेष प्रसिद्ध आहे. त्यांचीही पत्रे पुढे 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आली. या पत्रांत आम्हांस मोलाचे वाटते ते असे की, जी. ए. एका वेळी एकाच माणसाशी बोलत होते, आणि तो माणूस उलट उत्तर देणारा होता. शंभरजणांपुढे आवड सांगितली की तिची घोषणा होते. एका जाणत्या माणसाला सांगितली तर तिचा हिशेब द्यावा लागतो.

हिशेब हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. वाचकांपैकी काहीजण देवस्थानांचे विश्वस्त असतील. त्यांना ही कल्पना नवी नाही. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम खासगी न्यासांपुरता आहे, देवस्थानांना निराळे कायदे लागतात; परंतु त्यातील दोन तत्त्वे कोणत्याही विश्वस्ताने उशाशी ठेवावीत. विश्वस्ताने लाभधारकाविरुद्ध स्वतःची मालकी सांगू नये; आणि हिशेब चोख ठेवून मागितला असता दाखवावा. 'माझी आवड, मी का म्हणून कारण देऊ?' असे म्हणणारा वाचक पहिले तत्त्व मोडतो. ज्ञानेश्वरी आवडण्याची पात्रता आम्ही स्वतः कमावलेली नाही. ती १२९० साली लिहिली गेली, १५८४ साली एकनाथांनी पाठभेद तपासून तिची प्रत शुद्ध केली, मग कित्येकांनी ती हाताने उतरवली, कोणीतरी आम्हांस वाचून दाखवली. इतक्या हातांतून आलेल्या वस्तूवर शेवटच्या माणसाने 'खासगी' असा शिक्का मारावा, हे आम्हांस अनीतीचे वाटते.

यावर एक आक्षेप येईल. आवड जर न्यास असेल, तर नावड सांगण्याची सोय कोणती? आपल्या मंदिरांच्या आसपास वाढलेल्या समाजात हा प्रश्न खरोखरच नाजूक आहे. जी पोथी बासनात बांधून देवघरात ठेवली जाते आणि जिच्यावर नित्य हळदकुंकू वाहिले जाते, तिच्यातील एखादे प्रकरण आपल्याला रुचले नाही असे म्हणणे म्हणजे पातक, अशी समजूत आहे. आमचे मत उलट आहे. वाचून, थांबून, पुन्हा वाचून जो 'येथे माझे मन लागले नाही' असे सांगतो, तो अंगराजावरून नजर काढून घेणाऱ्या इंदुमतीइतकाच निर्दोष आहे. दोषी आहे तो न वाचता स्तुती करणारा. कोर्टात ऐकीव पुरावा सहसा ग्राह्य धरत नाहीत. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा नियम कायमच राहिला. ग्रंथांच्या बाबतीत मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकीव पुराव्यावर निकाल देत आलो आहोत आणि त्याला श्रद्धा म्हणतो.

नीट वाचणे किती कष्टाचे असते याचे उदाहरण म्हणून विष्णु सीताराम सुकथनकर यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते उपयोगात आणली. सुकथनकरांनी १९२५ पासून अखेरपर्यंत त्याचे प्रमुख संपादक म्हणून काम केले. आधी दस्तऐवज सिद्ध करा, मग त्याचा अर्थ लावा, हा आमच्या धंद्यातला क्रम. तोच त्यांनी पाळला. वर्षानुवर्षे शब्द निश्चित करण्यात घालवल्यावर महाभारताचा अर्थ काय, यावर मुंबईत चार व्याख्याने देण्याचे त्यांनी पत्करले. तीन झाली. चौथे ज्या दिवशी व्हावयाचे, त्या दिवशी, जानेवारी १९४३ मध्ये, त्यांचे निधन झाले.

इतके करून शब्द निश्चित झाले तरी अर्थ एकच निघतो असे नाही, आणि तो तसा निघावा अशी अपेक्षाही नाही. आदिपर्वातील ययातीचे उपाख्यान घ्या. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली त्यावर कादंबरी लिहिली. त्यांना त्यात भोगाची न शमणारी तहान दिसली. गिरीश कार्नाड धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून पदवी घेऊन इंग्लंडला निघाले होते. घरी कोंकणी बोलणाऱ्या आणि इंग्रजीत कवी व्हावे असे स्वप्न पाहणाऱ्या या तरुणाने राजाजींचे महाभारत वाचले आणि कन्नडमध्ये 'ययाती' नाटक लिहिले. धारवाडच्याच मनोहर ग्रंथमालेने ते १९६१ साली छापले. त्यांची नजर बापावर नव्हे तर तारुण्य देऊन टाकणाऱ्या मुलावर गेली, आणि त्या मुलाच्या बायकोवर गेली. सासऱ्याच्या तृप्तीसाठी नवऱ्याचे तारुण्य जाते तेव्हा माझा वाटा कोठे, असे विचारणारी चित्रलेखा त्यांनी उभी केली. वडीलधाऱ्यांच्या अपेक्षांचे ओझे आपल्याला त्या वेळी जाचत होते, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. दोन्ही वाचक प्रामाणिक होते. हे दोघे एका बैठकीत बसून एकमेकांना हिशेब देते तर काय झाले असते, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. मुलगा आणि बाप यांच्या वयाचे अंतर त्या दोघांत होतेच.

आता राहतो लाभधारकाचा प्रश्न, आणि सप्तापुरात तोच अधिक अवघड आहे. येथील कित्येक घरांत बोलणे कोंकणीत, पोथी मराठीत, शाळा कन्नडमध्ये आणि पोट इंग्रजीवर, अशी वाटणी झालेली आहे. हे ग्रंथ पुढे कोणाच्या हाती द्यावयाचे, अशी चिंता वडील मंडळी करतात. आम्हांस ती तितकी भेडसावत नाही. मराठीतील गुरुचरित्र लिहिणारा सरस्वती गंगाधर कन्नडभाषी घरातला. कन्नडचे वरकवी द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना 'नाकु तंति' या कन्नड काव्यसंग्रहासाठी मिळाले. कार्नाडांचे वर सांगितलेच आहे. या भागात ग्रंथांचा वारसा मातृभाषेच्या सातबाराप्रमाणे उतरलेला नाही.

अलीकडेच एका परिचितांनी विचारले की, नातीला ज्ञानेश्वरी हवी आहे, पण कन्नड लिपीत, द्यावी काय? घरच्या काहीजणांना तो पोथीचा उपमर्द वाटत होता. आमचा सल्ला 'द्यावी' असा पडला. भांडारकर संस्थेच्या संपादकांनी महाभारताच्या प्रतींचे गट मुख्यतः लिपीवरूनच पाडले: शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम्. इतक्या लिप्यांचे कपडे घालूनही महाभारत महाभारतच राहिले. एकनाथांनी ज्ञानेश्वरीत आपली ओवी घुसडू नका अशी ताकीद दिली. अक्षरे कोणत्या वळणाची असावीत यावर त्यांचा रोख नव्हता. मराठीत 'च' आणि 'ज' यांचे दोन दोन उच्चार आहेत, ते कन्नड अक्षरांत वेगळे दिसणार नाहीत, ही अडचण त्या गृहस्थांनी काढली. ते देवनागरीतही वेगळे दिसत नाहीत, हे आम्ही त्यांच्या ध्यानी आणून दिले. ते उच्चार कोणीतरी शेजारी बसून वाचल्याखेरीज तिला कळावयाचे नाहीत. निदान पहिले दोन अध्याय आजोबांनी तिच्याबरोबर मोठ्याने वाचावेत, असे ठरले आहे.