दत्तकपत्र रद्द झालें, मूल कोणाचें?

निराधार लेंकरास आपल्या घरीं आणून आपलें म्हणावें, ह्याहून सुंदर कृत्य थोडेंच असेल. म्हणूनच त्याच्या मुळाशीं लबाडी निघाली म्हणजे चांगल्या माणसांचीही बुद्धि घोटाळते. न्यायालयानें असें दत्तक रद्द केलें, तर तो न्याय झाला कीं दुसरा अन्याय? मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशाच्या एका खटल्यामुळें हा प्रश्न आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत आहे.

त्या देशांत 2007 सालच्या अखेरीपर्यंत परदेशीं दत्तक देण्याचें काम बहुतेक खासगी वकिलांच्या हातीं असे. त्या एका वर्षीं चार हजारांहून अधिक मुलें तेथून अमेरिकेंत गेलीं. एकेका मुलामागें हजारों डॉलर मिळूं लागले, तेव्हां आईबाप असलेल्या मुलांस अनाथ ठरविणारेही निघाले. नोव्हेंबर 2006 मध्यें राजधानीजवळच्या एका गरीब घरांतून दोन वर्षांची मुलगी पळविली गेली. तिला नवें नांव व खोटे कागद मिळाले, आणि डिसेंबर 2008 मध्यें एक अमेरिकन जोडपें तिला दत्तक घेऊन गेलें. इकडे आईनें कचेऱ्यांचे उंबरे झिजविले, दुसऱ्या दुःखी मातांसह उपोषण केलें, आणि शेवटीं 2009 मध्यें दत्तकाच्या दप्तरांतील छायाचित्रें चाळतांना तिनें आपलें लेंकरूं ओळखलें. डीएनए तपासणीनेंही तेंच सांगितलें. जुलै 2011 मध्यें तेथील न्यायालयानें मुलगी दोन महिन्यांत परत करावी असा हुकूम दिला. परंतु दोन्ही देशांमधील या विषयाचा करार मुलगी पळविली गेली त्या वेळीं अमलांत नव्हता, म्हणून तिला परत पाठविणें आपणांवर बंधनकारक नाहीं, असें उत्तर अमेरिकन सरकारकडून आलें.

बाजारांत कोणी पैसे मोजून, पावती घेऊन बैल आणला, आणि खरा धनी खूण दाखवीत दारीं आला, तर घेणारा कितीही प्रामाणिक असो, बैल सोडावा लागतो. हें आमच्या खेड्यांतील प्रत्येकास ठाऊक आहे. मग मुलाच्या बाबतींतच चोरी कालांतरानें पचते, असें कसें म्हणावें? यावर कोणी म्हणेल कीं मूल म्हणजे बैल नव्हे. खरें आहे. बैलास दावें बदललें इतकेंच कळतें; मुलाचे शब्द बदलतात, अंगाई बदलते, रात्रीं भ्यालें म्हणजे कोणास हाक मारावी हेंही बदलतें. हुकूम झाला तेव्हां ती मुलगी सहा वर्षांची होती. तिला एकाएकीं उचलून नेणें म्हणजे तिच्या दृष्टीनें दुसऱ्यांदा पळविणेंच झालें असतें. ही अडचण आम्ही हलकी मानीत नाहीं.

परंतु याच अडचणीचा आधार घेऊन पुष्कळ लोक शलमोन राजाची गोष्ट पुढें करितात, आणि म्हणतात कीं खरी आई असेल ती मुलाच्या सुखासाठीं मागणें सोडून देईल. आम्हांस हा त्या गोष्टीचा उलटा अर्थ वाटतो. राजापुढें मुलावर तरवार उगारली होती म्हणून आईनें हात मागें घेतला. आणि तिचें हृदय ओळखून राजानें मूल तिच्याच पदरांत घातलें. तूं खरी आई आहेस, म्हणून रिकाम्या हातानें घरीं जा, असें तो म्हणाला नाहीं. त्याग गरीब आईकडेच मागावयाचा आणि ज्यांच्या घरीं मूल आहे त्यांस कांहींच विचारावयाचें नाहीं, हें कोणत्या शास्त्रांत बसतें?

आमच्या मतें येथें दोन प्रश्न गुंतले आहेत. कागद खरा कीं खोटा, हा पहिला. त्यांत मुलाच्या सुखदुःखाचा विचार आड येतां कामा नये. कागद खोटा असेल तर तो फाडलाच पाहिजे, व आईचें नांव आईस मिळालेंच पाहिजे. मूल उद्यां सकाळीं कोणाच्या घरीं उठेल, हा दुसरा. तो सावकाश, भेटीगांठी घडवून, दोन्ही घरांनीं रडत कां होईना एकत्र बसून सोडविण्याचा आहे. ज्यांनीं प्रेमानें पण फसून मूल नेलें, त्यांनींच पहिलें पाऊल टाकावें. कारण सत्य कळल्यावर तेंच प्रेम गप्प बसलें, तर तें फसलेलें राहत नाहीं, फसवणुकीचें भागीदार होतें.

आपल्या देशांत सर्वोच्च न्यायालयानें 1984 सालीं परदेशीं दत्तकाविषयीं निर्बंध घातले, आणि 2015 च्या कायद्याप्रमाणें मूल स्वखुशीनें सोडणाऱ्या आईबापांस बाल कल्याण समितीपुढें जावें लागतें व फेरविचारास दोन महिने मिळतात. कायदा चांगला आहे. पण तो अंगठा उठविणाऱ्या बाईच्या कानीं पोहोंचतो काय? कांहीं वर्षांपूर्वीं एक विधवा आमच्याकडे एक कागद वाचून घेण्यास आली. मूल बोर्डिंगांत शिकावयास जाईल, असें तिला सांगण्यांत आलें होतें. कागदांत मात्र तिनें मुलावरील सर्व हक्क सोडल्याचें लिहिलें होतें, आणि खालीं तिचाच अंगठा होता. आम्हीं तो दोनदां वाचला. मूल अजून घरींच होतें. तें नेण्यास माणसें दुसऱ्या दिवशीं येणार होतीं. ती रात्र त्या बाईनें आमच्या ओट्यावर, लेंकरूं मांडीवर घेऊन, जागून काढली.