पडद्यावरील उमेदवार आणि आपला न्याय

संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकला आहे. शेवटी आलेल्या मजुरालाही धन्याने पूर्ण दिनार दिला, येथे आपले चिंतन बहुधा थांबते. परंतु मजुरीच्या आधीची एक गोष्ट अलीकडे आमच्या मनात घर करून राहिली आहे. मजूर शोधायला धनी स्वतः चव्हाट्यावर जातो. पहाटे जातो आणि दिवसभरात पुन्हा चार वेळा जातो. दिवस कलताना तेथे उभे असलेल्यांना तो रिकामे राहण्याचे कारण विचारतो, तेव्हा आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही, असे ते सांगतात. काम देणारा व काम मागणारा तेथे समोरासमोर उभे आहेत.

आज तो चव्हाटा वीतभर पडद्यात सामावला आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात इतरत्र व्यवहार सुरू असताना अमरावतीला पुन्हा दारे लावून बसावे लागले, अकोल्यातही निर्बंध आले. त्या काळात नोकरीच्या मुलाखती व्हिडिओवर घेण्याची रीत पडली आणि साथ ओसरल्यावरही ती पुष्कळ ठिकाणी टिकून राहिली.

आमच्या वऱ्हाडाला या सोयीचे मोल अधिक आहे. मुंबई-पुण्याच्या मुलाखतीला जायचे म्हणजे बडनेऱ्याला किंवा अकोल्याला रात्रीची गाडी धरायची, मिळेल त्या डब्यात बसायचे, सकाळी स्थानकावरच तोंड धुऊन कपडे बदलायचे आणि दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर त्याच रात्री परत निघायचे. मुलगी असेल तर सोबत वडील किंवा भाऊ. म्हणजे भाडे दुप्पट आणि घरातील आणखी एकाची रोजी बुडाली. एवढे करून नकार येई तो येईच. हा भार ज्या साधनाने हलका केला, त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या माणसाची आपण पारख करतो, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेसाठी शिक्षिका निवडण्याच्या समितीवर आम्ही बसलो होतो. एक उमेदवार मेळघाटातील होती. आवाज तुटत होता. प्रश्न विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राही, मान खाली घाली, मग अर्धवट उत्तर देई. मागे पत्र्याची भिंत, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि कुठेतरी रडणारे मूल. दुसरी उमेदवार शहरातील होती. तिच्यामागे पुस्तकांचे कपाट, आवाज स्वच्छ, चेहऱ्यावर प्रकाश. पहिलीच्या नावापुढे आम्ही 'आत्मविश्वास कमी' असा शेरा लिहिला आणि दुसरीला निवडले.

पुढे सहज बोलण्यातून कळले की, त्या मुलीच्या वस्तीवर रेंज येत नाही. ती रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे येऊन, फोन धान्याच्या कोठीला टेकवून बसली होती. आमचे प्रश्न तिला अर्धेच ऐकू येत होते. मान खाली घालणे म्हणजे फोनला कान लावणे होते. निवडलेल्या बाई उत्तम शिकवतात. त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु त्या दिवशी आम्ही तोलले ते कोणाला? त्या मुलीला, की मोबाइलच्या टॉवरला? याच मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ च्या सुमारास देशातील पहिले 'डिजिटल गाव' म्हणून गाजले आणि २०१९ च्या निवडणुकीत त्या दाव्यावरून वादही रंगला. दावा आणि वस्तुस्थिती यांमधील अंतराची किंमत कोणी नेता देत नाही. ती अशी एखादी मुलगी देते.

पूर्वी गरीब घरचा मुलगा इस्त्रीचा सदरा, प्रसंगी मित्राचा मागून आणलेला, अंगात घालून मुलाखतीला जाई. त्याचे घर घरीच राही. आता घर त्याच्याबरोबर मुलाखतीला बसते. संत याकोबाने आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घालून सभेत येणाऱ्याला मानाची जागा देणाऱ्या व मळक्या कपड्यांतील गरिबाला दूर बसवणाऱ्या भाविकांची कानउघाडणी केली आहे. आम्ही त्या मुलीला पायाशी बसा असे म्हटले नाही. पण पत्र्याची भिंत पाहून आमची लेखणी थोडी खाली उतरली, हे आम्हाला कबूल करावे लागते.

यावर कोणी म्हणेल की, समोरासमोरच्या मुलाखतीत तरी कोठे न्याय होता? आक्षेप खरा आहे. वशिला, जात, आडनाव, रंग, उंची यांची वर्णी तेथेही लागतच होती. म्हणूनच केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच बंद केली. अमेरिकेतील वाद्यवृंदांनी १९७० नंतरच्या काळात वादकांची परीक्षा पडद्याआडून घेण्यास आरंभ केला; वाजवणारा पुरुष की स्त्री हे परीक्षकांना दिसू नये, केवळ सूर ऐकू यावेत. इशायाच्या घरी गेलेला शमुवेलसुद्धा थोरल्या मुलाची उंची पाहून फसला होता आणि माणूस बाहेरचे पाहतो, प्रभू अंतःकरण पाहतो, हा धडा त्याला तेथे मिळाला. दोष यंत्राच्या आधी आपल्या डोळ्यांत आहे. यंत्राने त्याला नवी खिडकी तेवढी उघडून दिली.

दोष आपल्यात असेल, तर उपायही आपल्या हाती आहे. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत आणि गुण आधी ठरवलेल्या कसोट्यांवर द्यावेत. अशी बांधीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा माणसाची योग्यता अधिक नेमकी ओळखते, हे मानसशास्त्रातील संशोधनाने वारंवार दाखवले आहे. प्रत्येक परीक्षकाने चर्चेपूर्वी आपले गुण स्वतंत्रपणे लिहावेत. आदल्या दिवशी दोन मिनिटे जोडणी तपासून पाहावी. आवाज तुटला तर मुलाखत फोनवर पुरी करावी किंवा दुसरी वेळ द्यावी. संमतीवाचून चित्रण करू नये. शिक्षकाची निवड असेल, तर अंतिम दोघांतिघांना प्रवासखर्च देऊन प्रत्यक्ष वर्गावर उभे करावे. यातील एकही गोष्ट महागडी नाही.

उमेदवाराचेही कर्तव्य आहे. प्रकाश समोरून घ्यावा, फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, हे कोणीही शिकवील. पण कॅमेऱ्यामागे कोणाला बसवून उत्तरे वाचणे ही चोरी आहे, हे आपल्या मुलांना घरातूनच शिकवले पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. काही मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतीत आता समोर कोणीच नसते. पडद्यावर प्रश्न उमटतो, उमेदवार रिकाम्या काचेशी बोलतो आणि त्याचे बोलणे पुष्कळदा संगणक तपासतो. हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीत चेहऱ्यावरील हावभावांचेही मोजमाप होत असे. टीका झाल्यावर २०२१ मध्ये तिने ते थांबवल्याचे जाहीर केले. कामाच्या ठिकाणी यंत्राद्वारे माणसांच्या भावना ताडण्यास युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून मनाई केली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा विचार मांडला. २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचे कारण सांगताना कामगारांचे कैवारी लिओ तेरावे यांचे स्मरण केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे श्रमाची प्रतिष्ठा जपण्याची गरज बोलून दाखवली. आम्हाला त्यातून एवढे उमगते: माणसाला नाकारण्याचा अधिकार काम देणाऱ्याला आहे, पण न ऐकता नाकारण्याचा नाही.

अखेरीस आपल्या धर्मग्रामांपुढे एक साधी सूचना ठेवतो. अमरावती धर्मप्रांतातील अनेक ठिकाणी चर्चला लागून सभागृह किंवा शाळा आहे. तेथील एक खोली, पांढरी भिंत, एक पंखा, एक खुर्ची आणि खात्रीची जोडणी, एवढे मुलाखतीच्या दिवशी कोणत्याही धर्माच्या गरजू मुलामुलींसाठी उघडे ठेवता येणार नाही काय? दिवस कलेपर्यंत चव्हाट्यावर उभे असलेल्यांसाठी आपण निदान उभे राहण्याची चांगली जागा करू शकतो. आणि त्या मेळघाटच्या मुलीचे काय? शाळेत पुन्हा जागा निघाली, तेव्हा आम्ही तिला पत्र पाठवले. तोवर ती दुसरीकडे रुजू झाली होती. तिने आभार मानले. त्या आभारांनी आमचे ओझे हलके झाले नाही, आणि ते होऊही नये.