गाडी कोणाची?

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा संपली होती आणि चर्चच्या पटांगणात एक तरुण आपली मोटार घेऊन आशीर्वादासाठी थांबला होता. नवे वाहन घेतले की ते आशीर्वादित करून घ्यावे, ही आपल्याकडची जुनी रीत. ही मोटार मात्र आठच महिन्यांपूर्वी माझ्याच हातून आशीर्वादित झाली होती. मी तसे म्हणताच तो हसून उत्तरला, "फादर, आता ती तीच गाडी राहिलेली नाही. पूर्ण कस्टम करून घेतली आहे."

मी गाडीभोवती एक फेरी मारली. मागे स्पॉयलर, रुंद अलॉय चाके, बंपरखाली निळे दिवे आणि डिकी व्यापून टाकणारे दोन स्पीकर. रात्रपाळीच्या नोकरीतून साठवलेला पैसा त्याने या सगळ्यात ओतला होता. जवळच एक वृद्ध गृहस्थ उभे होते. चाळीस वर्षे त्यांनी गॅरेजमध्ये डेंटिंगचे काम केले आहे. त्यांनी गाडीच्या पत्र्यावरून हलकेच हात फिरवला आणि म्हणाले, "फादर, ही गाडी पोराची नाही. कॅटलॉगची आहे."

तरुणाचा चेहरा उतरला. मी तीर्थ शिंपडले, प्रार्थना म्हटली, दोन समजुतीचे शब्द बोललो आणि प्रसंग निभावून नेला. पण त्या वृद्धाचे वाक्य काही केल्या मनातून जाईना. ती केवळ जुन्या कारागिराची असूया होती, की त्या कठोर शब्दांत काही सत्य होते? आपण एखादी वस्तू 'माझी' म्हणतो ती नेमकी कशामुळे? पैसे मोजले म्हणून? तिच्यात बदल केले म्हणून? की आणखी कशामुळे?

सेमिनरीत शिकलेले लॅटिन अशा वेळी उपयोगी पडते. 'कस्टम' हा शब्द मुळात लॅटिनमधील 'कॉन्सुएतूदो' या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचा अर्थ सवय, वहिवाट, रीत. 'कस्टमर' म्हणजे वहिवाटीने एकाच दुकानी येणारा माणूस, आपल्या भाषेत नेहमीचे गिऱ्हाईक. शिंप्याला ज्याच्या खांद्याचा उतार ठाऊक आहे, चांभाराला ज्याच्या पायाचे कुरूप ठाऊक आहे, असा मनुष्य. तेव्हा त्या शब्दाच्या पोटात 'सर्वांहून वेगळे' हा अर्थ नाही; 'ओळखीने घडवलेले' हा अर्थ आहे. आज आपण पहिला अर्थ धरून बसलो आहोत आणि दुसरा विसरलो आहोत.

मोटारीच्या इतिहासातही हेच घडलेले दिसते. आरंभीच्या काळात श्रीमंत मनुष्य कारखान्यातून नुसता सांगाडा आणि इंजिन विकत घेई आणि वरचे शरीर वेगळ्या कारागिराकडून स्वतःच्या गरजेप्रमाणे बांधून घेई. हार्ली अर्ल नावाचा तरुण लॉस एंजेलिस येथे चित्रपटांतील नटांसाठी अशी कामे करीत असे. १९२७ साली जनरल मोटर्सने त्याच्या हाती स्वतंत्र रचना-विभाग सोपवला. एकेका गिऱ्हाइकासाठी राबणारी दृष्टी त्या दिवसापासून लाखो गिऱ्हाइकांसाठी राबू लागली. पुढे १९६४ साली फोर्डची मस्टँग बाजारात आली ती पर्यायांची लांबलचक यादी हाती घेऊनच: इंजिन हवे ते निवडा, रंग निवडा, आसने निवडा. वेगळेपण आता कारखान्यातच तयार मिळू लागले. आपल्या तरुणाचा कॅटलॉग हा त्याच यादीचा वंशज होय.

परंतु त्याच अमेरिकेत, त्याच काळात, एक वेगळा प्रवाह वाहत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांनी गाड्या बदलून देण्याचे दुकान चालवले. त्यांच्या कामाची पहिली पायरी गाडीवर काही चढवणे ही नव्हती. उतरवणे ही होती. कारखान्याने लावलेली नाममुद्रा, चकचकीत पट्ट्या, दारांच्या मुठी काढून टाकायच्या, भोके बुजवायची आणि वितळलेले शिसे लाकडी पट्टीने पसरून, कानशीने घासून पत्रा एकसंध करायचा. मग गाडीचा टप उतरवायचा. हे ऐकायला सोपे वाटते. पण टपाचे खांब तिरके असतात. ते कापून खाली आणले की वरचा टप खालच्या अंगाशी जुळत नाही. तो लांबवावा लागतो किंवा खांब अधिक कलते करावे लागतात. मग पुढची काच बसत नाही, दारांच्या चौकटी बसत नाहीत. एक काप घेतला की तो दहा नवी कामे मागतो आणि मागे फिरण्याची वाट उरत नाही.

इथे मला त्या वृद्ध कारागिराच्या वाक्याचा पहिला उलगडा झाला. ॲरिस्टॉटलने वस्तूचे सत्त्व आणि तिचे आगंतुक गुण यांत भेद केला आहे. आगंतुक गुण बदलले तरी वस्तू तीच राहते. जो बदल चार बोल्ट सोडवून काढता येतो आणि शेजाऱ्याच्या गाडीवर जसाच्या तसा चढवता येतो, तो गाडीला चिकटलेला असतो. गाडीचा झालेला नसतो. उतरवलेला टप मात्र त्या एका गाडीखेरीज कुठेच बसत नाही. खरा बदल अंगभूत होतो, आणि तो करणाऱ्याला काहीतरी कायमचे पणाला लावावे लागते.

आता कोणी विचारील, म्हणजे स्वतःच्या हाताने केले तरच ते आपले, असे म्हणायचे का? तसे म्हणवत नाही. बॅरिस बंधूंच्या दुकानातील सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे १९५१ सालची एक मर्क्युरी. बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणाने ती त्यांच्याकडे दिली आणि १९५२ साली ती पूर्ण झाली. टप उतरवला, दारामागचे मधले खांब काढून टाकले आणि संपूर्ण गाडी जणू एकाच रेषेत ओतली. यात हिरोहाताने स्वतः पत्रा कापलेला नाही. त्यानेही पैसेच दिले. तरी जग आजही त्या गाडीला त्याच्याच नावाने ओळखते. पुढे १९५९ साली जिम मॅकनील नावाच्या शाळकरी मुलाने ती पाचशे डॉलरला विकत घेतली. ती बरीच वर्षे पडून राहिली. मग अनेक वर्षे खपून त्याने ती पूर्वरूपाला आणली आणि अखेरपर्यंत जपली. जानेवारी २०२२ मध्ये लिलावात तिला १९ लाख ५० हजार डॉलरची बोली लागली. मग गाडी कोणाची? ज्याने मनात पाहिली त्याची, ज्यांनी घडवली त्यांची, की ज्याने आयुष्यभर सांभाळली त्याची? मला वाटते, तिघांचीही. म्हणजे 'माझे' या शब्दाला एकच धनी असावा लागतो, हे आपले गृहीतच चुकीचे आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या आपल्या परिपत्रकात श्रमाचे मोल केवळ निर्माण झालेल्या वस्तूवरून न ठरवता श्रम करणाऱ्या माणसावरून ठरवावे, असे प्रतिपादन केले होते. या गाडीत तो माणूस एक नाही, अनेक आहेत. आणि ते एकमेकांना बांधले गेले आहेत.

वाचकहो, या विचारात मला सर्वांत पुढे नेले ते अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील चिमायो या गावाने. तेथील छोटे तीर्थमंदिर प्रसिद्ध आहे. पवित्र आठवड्यात हजारो भाविक पायी चालत तेथे येतात. त्या परिसरातील स्पॅनिश भाषिक कॅथॉलिक समाजात आणि लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांत 'लो-रायडर' गाड्यांची परंपरा आहे. गाडी जमिनीलगत उतरवायची, रंगांचे थरावर थर चढवायचे, आत मखमल लावायची आणि हळूहळू, सर्वांना दिसेल अशी ती चालवायची. कित्येकांच्या बॉनेटवर ग्वादालुपेची माता रंगवलेली असते. परक्याला या गाड्या एकमेकींसारख्याच वाटतील, कारण त्या एका रीतीत घडतात. पण आपल्याच लोकांच्या रीतीत राहूनही मनुष्य स्वतःचे बोलू शकतो. ओवी सर्वांची असते, दळणारीचे दुःख तिचे स्वतःचे असते.

चिमायोच्या डेव्हिड हारामिल्यो याने १९६९ सालच्या एका फोर्ड गाडीचे काम हाती घेतले होते. ते पुरे होण्याआधीच, १९७८ साली, मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने आणि नातलगांनी ती गाडी त्याच्या मनात होती तशी पुरी केली. तिचे नाव 'डेव्हचे स्वप्न'. १९९० साली ती वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयाने घेतली. विचार करा: ज्याच्यासाठी ती गाडी पुरी झाली, तो ती पुरी झालेली पाहू शकला नाही. तरी तिच्याइतकी एका माणसाची गाडी दुसरी कोणती असेल? कारण ती पुरी करणाऱ्यांना तो ठाऊक होता. त्याला कोणता रंग आवडला असता, हे त्यांना विचारावे लागले नाही. 'कस्टम' या शब्दाचा मूळ अर्थ इथे पुरता उजळून निघतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माझे ते माझे म्हणून शेजाऱ्याला त्रास देण्याचा अधिकार मला मिळत नाही. फाडलेल्या सायलेन्सरचा आवाज आजाऱ्याच्या खोलीत शिरतो. झगझगीत दिवा समोरून येणाऱ्या स्कूटरस्वाराला आंधळे करतो. पुढे लावलेले लोखंडी गार्ड पादचाऱ्याला अधिक इजा करते आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकते. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घालण्याचे आदेश दिले. आपल्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रकातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. अर्थात प्रत्येक बंधन न्याय्यच असते असे नाही. कॅलिफोर्नियात गाडी फार खाली उतरवण्यास १९५८ पासून मनाई होती. १९५९ साली रॉन अगिरे याने गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबताच गाडी कायद्याच्या उंचीवर येई. त्या गाड्यांवरील निर्बंध अखेर १ जानेवारी २०२४ पासून उठले. पण दिसण्यावरचे बंधन वेगळे आणि दुसऱ्याच्या जिवासाठी घातलेले बंधन वेगळे. हा विवेक तरुणांनी स्वतःच करावयाचा आहे.

काही आठवड्यांनी मी त्या वृद्ध गृहस्थांना गाठले आणि विचारले, "आयुष्यात तुमच्या हातून एखादी खरी कस्टम गाडी झाली का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पटांगणाच्या कडेला बोट दाखवले. तिथे मागे दोन जादा चाके जोडलेली एक जुनी स्कूटर उभी होती. तिचा मालक दर रविवारी मिस्सेला येतो. लहानपणी पोलिओने त्याचे पाय गेले. गेली कित्येक वर्षे मी ती स्कूटर पाहत होतो आणि खरे म्हणजे कधीच पाहिली नव्हती. पायाचा ब्रेक हाताशी आणला होता. आसन एका बाजूने किंचित उतरते केले होते, कारण त्याला त्याच बाजूने चढावे लागते. कुबड्यांसाठी पत्र्याची एक खोबण होती, आणि तिच्या कडा कापडाने मढवल्या होत्या, हात कापू नये म्हणून. "तीनदा तोडून केली ती खोबण," ते म्हणाले. "त्याला बसवून, उठवून, पुन्हा बसवून."

कायद्यानेही अशा बदलाला वाट ठेवली आहे; परिवहन कार्यालयाच्या मान्यतेने दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन बदलून घेता येते. पण परवाना कार्यालय देईल. ती खोबण कोणते कार्यालय देणार?

त्या तरुणाला मी अजून यातले काही बोललेलो नाही. त्याच्या कष्टाच्या पैशाचा उपमर्द करण्याची माझी इच्छा नाही. परवा मात्र तो त्या वृद्धांच्या गॅरेजच्या दारात उभा दिसला. त्याच्या हातात कॅटलॉग नव्हता. जुन्या दाराचा एक पत्रा होता आणि वृद्ध गृहस्थ त्याला तो ठोकायचा कसा, हे दाखवत होते.