गळ्यातला धक्का आणि भूतदया
सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूरसारख्या तालुक्यात रानडुकरांपासून पीक राखणारी झटका मशीन, म्हणजे तारेतून विजेचा क्षणिक धक्का देणारे यंत्र, समजून घेता येते, कारण तारेपासून दूर राहण्याची मोकळीक प्राण्याला असते; कुत्र्याला शिकवण्यासाठी बांधलेला, मालकाने दुरून कळ दाबताच धक्का देणारा गळपट्टा, जो वेल्सने २०१० मध्ये निषिद्ध ठरवला, ही मोकळीकच हिरावून घेतो. पैठणच्या कथेत रेड्यावरील आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटतात, आणि भूतदया, म्हणजे परक्या जिवाची वेदना आपली मानणे, तेथे देहावर दिसते. पट्ट्याचा धक्का सहसा वळ ठेवत नाही, म्हणूनच तो देणाऱ्याला निर्दोष वाटतो, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणाऱ्या नामदेवांना मानणाऱ्या समाजाने तरी तो नाकारायला हवा.