स्वर्ग किती किलोमीटरवर आहे?



आज आपण प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण साजरा करीत आहोत. मे महिना चालू आहे. मुलांना सुट्टी आहे, लग्नसराई आहे, घरोघरी पाहुणे आहेत. या धामधुमीत एके दिवशी मिस्सानंतर एक गृहस्थ मला भेटायला थांबले. चेहरा पडलेला होता. म्हणाले, ‘‘फादर, मुलीला विज्ञान केंद्रात नेऊन मी चूक केली की काय?’’

मी त्यांना बसवले आणि विचारले, झाले तरी काय? सुट्टी लागली म्हणून ते पत्नीला व दोन मुलांना घेऊन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेले होते. डबा बरोबर होता, दिवसभर फिरणे झाले. मुलांनी बटणे दाबली, चाके फिरवली, ग्रहांची माहिती वाचली. नऊ वर्षांची मुलगी तर हरखून गेली. परतीच्या गाडीत, भरलेल्या डब्यात, तिने मोठ्याने विचारले, ‘‘पप्पा, येशू वर गेला ना? मग तो कुठपर्यंत गेला? चंद्राच्या पुढे? आपले चांद्रयान गेले तेव्हा त्याला ते दिसले असेल का?’’

डब्यातील माणसे हसली. वडिलांना ओशाळल्यासारखे झाले. ते म्हणाले, ‘‘गप्प बस. देवाविषयी असे विचारत नाहीत.’’ मुलगी गप्प बसली. ‘‘आणि फादर,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘तेव्हापासून ती रात्रीच्या प्रार्थनेला बसते, पण काहीच विचारत नाही.’’

बंधुभगिनींनो, मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. कारण काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने मला असाच एक प्रश्न विचारला होता. मी घाईत होतो. ‘‘मोठा झालास की कळेल,’’ असे म्हणून मी त्याला वाटेला लावले. तो मोठा झाला. पण विचारायला पुन्हा माझ्याकडे आला नाही.

म्हणून मी त्या गृहस्थांना म्हटले, ‘‘तुम्ही मुलीला तिथे नेलेत यात चूक नाही. चूक झाली ती गाडीत. उद्या संध्याकाळी तिला घेऊन या. येताना एक लहानसा नारळ आणि चिमूटभर मोहरी आणा.’’

दुसऱ्या दिवशी ते आले. आवारात खेळणारी मुले व काही पालकही जमले. नारळ आम्ही चर्चच्या दारात ठेवला आणि म्हटले, हा आपला सूर्य. खरा सूर्य सुमारे १४ लाख किलोमीटर रुंदीचा आहे. आपला नारळ १४ सेंटिमीटरचा धरला, तर एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. या मापाने पृथ्वी केवढी? मोहरीच्या दाण्याएवढी! तो दाणा पुठ्ठ्यावर चिकटवून आम्ही नारळापासून १५ मीटर चालत गेलो, कारण सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. चंद्र म्हणजे रव्याचा बारीक कण, मोहरीपासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर. १९६९ साली माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तो सारा प्रवास या दोन बोटांच्या अंतरातला. गुरूसाठी एका मुलाने खिशातले करवंद काढून दिले. ते घेऊन आम्ही ७८ मीटरवर, पार फाटकाबाहेर गेलो.

मग एका मुलाने विचारले, ‘‘फादर, दुसरा तारा कुठे ठेवायचा?’’ या मापाने सूर्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४,००० किलोमीटरवर ठेवावा लागेल. काश्मीरपासून कन्याकुमारीचे अंतरही याहून कमी! सगळे शांत झाले. तेवढ्यात ती मुलगी, जी इतके दिवस काही विचारत नव्हती, पुठ्ठ्यावरच्या मोहरीकडे बघत म्हणाली, ‘‘एवढ्याशा दाण्यावरची माणसे देवाला दिसतात तरी कशी?’’

बंधुभगिनींनो, हा प्रश्न नवा नाही. स्तोत्रकर्त्यालाही तो पडला होता. आठव्या स्तोत्रात तो रात्रीचे आकाश, चंद्र आणि तारे पाहतो आणि थक्क होऊन देवाला विचारतो की, एवढ्या पसाऱ्यात माणसाची तू आठवण ठेवावीस असे त्याच्यात आहे तरी काय? ज्या प्रश्नाला पवित्र शास्त्रात जागा आहे, त्याला आपल्या घरात आणि रेल्वेच्या डब्यात जागा का नसावी?

मी तिला सांगितले ते तुम्हालाही सांगतो. देव आपल्याला दुरून पाहत नाही. तो या मोहरीवर स्वतः आला. बेथलेहेमात जन्मला, नाझरेथात सुतारकी केली, गालीलच्या सरोवरावर कोळ्यांबरोबर होडीत बसला, क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. स्वर्गारोहणाच्या दिवशी तो पित्याकडे गेला, तेव्हा आपले मानवी शरीर टाकून गेला नाही. जखमांच्या खुणांसह ते घेऊन गेला. या दाण्यावरचा माणूस आज पित्याच्या उजवीकडे आहे. आजच्या सणाचा आनंद तो हाच.

मग तो ‘वर’ गेला म्हणजे कुठे गेला? आपला मुलगा वरच्या वर्गात गेला असे आपण म्हणतो, तेव्हा तो जिना चढला असे कोणी समजत नाही. पृथ्वी गोल आहे. आपले ‘वर’ ते अमेरिकेतल्या आपल्या नातलगांचे जवळजवळ ‘खाली’ असते. स्वर्गारोहण खरे आहे, शिष्यांनी ते पाहिले. पण तो प्रवास किलोमीटरमध्ये मोजायचा नाही. शिष्यांच्या नजरेआड त्याला नेणारा मेघ हा सीनाय पर्वतावर उतरलेला, रूपांतराच्या डोंगरावर छाया करणारा मेघ आहे. तो देवाच्या सान्निध्याची खूण आहे. स्वर्ग चंद्राच्या पुढे नाही आणि गुरूच्याही पुढे नाही. जिथे पिता आहे तिथे स्वर्ग आहे. म्हणून कोणत्याही यानाला तो वाटेत भेटला नाही, याने आपल्या श्रद्धेला धक्का लागत नाही.

काही पालकांना भीती वाटते की मुले विज्ञान शिकली की चर्चपासून दूर जातील. त्यांना मी फादर जॉर्ज लमेत्र यांची आठवण देतो. हे बेल्जियमचे धर्मगुरू. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली गणिताने मांडले आणि १९३१ साली विश्वाचा आरंभ एका आदिम अणूतून झाला असावा अशी कल्पना पुढे ठेवली. आज शाळेत मुले महास्फोट म्हणून शिकतात, त्या विचाराचे मूळ या धर्मगुरूकडे जाते. तरीही आपल्या सिद्धान्ताचा कोणी देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून वापर करावा, हे त्यांना मान्य नव्हते. गणिताला गणिताचे काम करू द्यावे, प्रार्थनेला प्रार्थनेचे, अशी त्यांची वृत्ती होती. खुद्द व्हॅटिकनची वेधशाळा आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली तिची नव्याने उभारणी केली आणि २०२५ साली तिच्या संचालकपदी फादर रिचर्ड डिसोझा या भारतीय येशूसंघीय धर्मगुरूंची नेमणूक झाली. आकाशगंगांचा अभ्यास करणारा हा माणूस मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा विद्यार्थी!

आणि एक गोष्ट आपल्या देशाची. केरळात तुंबा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ जाते, म्हणून अग्निबाण सोडण्यासाठी डॉ. विक्रम साराभाई यांना ती जागा हवी होती. पण तेथे संत मेरी माग्दालेनाचे चर्च होते, बिशपांचे घर होते, कोळी कुटुंबांची घरे होती. डॉ. अब्दुल कलाम यांनी लिहून ठेवले आहे की, बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी साराभाईंना रविवारच्या मिस्साला बोलावले आणि जागेची विनंती लोकांपुढेच ठेवली. लोकांनी होकार दिला. चर्चच्या इमारतीत शास्त्रज्ञांचे काम सुरू झाले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण आकाशात गेला. त्या चर्चच्या इमारतीत आता अंतराळ संग्रहालय आहे. ज्या कोळ्यांनी घरे सोडली, त्यांच्यापैकी कितीजणांना अग्निबाणाचे शास्त्र कळत होते? पण देणे त्यांना कळत होते. वेदीसमोर बसणाऱ्या माणसांना आकाशाचे भय नसते, हे त्यांनी दाखवून दिले.

शिष्य आकाशाकडे टक लावून उभे होते, तेव्हा शुभ्र वस्त्रातील दोघांनी त्यांना टोकले. मग ते यरुशलेमला परतले, एकत्र प्रार्थनेला बसले आणि पुढे जगभर गेले. आकाश पाहणे वाईट नाही, पण पाहून झाल्यावर घरी परतायचे आहे आणि घरात कोणीतरी आपली वाट पाहत आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. सुट्टी संपण्यापूर्वी एक दिवस मुलांसाठी काढा. विज्ञान केंद्रात जा. ते जमले नाही तर नारळ व मोहरी घेऊन आपल्या वाडीत हाच खेळ खेळा. रोज रात्री जपमाळ झाल्यावर पाच मिनिटे ओटीवर बसून चंद्र पाहा आणि महिनाभर त्याची चित्रे मुलांना वहीत काढू द्या. त्यांना हेही सांगा की, वसंत ऋतूतील पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर येतो आणि त्यावरून आजचा सण ठरतो. म्हणजे आपल्या चर्चची दिनदर्शिका आजही चंद्राकडे पाहूनच चालते. मोबाईल घरात ठेवा. आणि मुलांनी प्रश्न विचारला व उत्तर आले नाही, तर ‘‘मला माहीत नाही, आपण मिळून शोधू,’’ असे म्हणा. त्याने तुमचा मान कमी होणार नाही. शोधताना अडलात तर माझ्याकडे या. मीही या वेळी घाई करणार नाही.

त्या संध्याकाळी निघताना वडिलांनी मुलीचा हात धरला आणि म्हणाले, ‘‘गाडीत मी तुला रागावलो, ते माझे चुकले.’’ ती काही बोलली नाही. मोहरीचा पुठ्ठा तेवढा तिने छातीशी धरला होता. फाटकापर्यंत जाईतो मात्र तिचा पुढचा प्रश्न सुरू झाला होता.

युगाच्या समाप्तीपर्यंत आपल्याबरोबर राहण्याचे वचन देणारा प्रभू तुमच्या घरांत, तुमच्या मुलांच्या प्रश्नांत आणि तुमच्या उत्तरांत वास करो. आमेन.

तुमचा,
धर्मगुरू