कागदाचे पैसे

१ डिसेंबर १९५५ची मध्यरात्र उलटून गेली होती. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची राजधानी मॉन्टगोमरी. तिथल्या एका सरकारी कॉलेजात त्या अवेळी सायक्लोस्टाइल मशीन फिरत होतं. इंग्रजी शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन, वाणिज्य विभागाचे प्रमुख जॉन कॅनन आणि विश्वासातले दोन विद्यार्थी, एवढीच माणसं. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही म्हणून संध्याकाळी रोझा पार्क्स यांना अटक झाली होती. सोमवारी शहरातल्या काळ्या माणसांनी बसमध्ये पाऊल ठेवू नये, असं सांगणारं पत्रक निघत होतं. एका कागदावर तोच मजकूर तीनदा, मग कागदाचे तीन तुकडे. पहाटे चारच्या सुमारास हजारो पत्रकांचे गठ्ठे बांधून झाले. बाईंचा सकाळी आठला तास होता. तो त्यांनी घेतला आणि मग गाडी काढून पत्रकं वाटायला निघाल्या.

त्याच दिवशी अध्यक्षांचं बोलावणं आलं. अलाबामा स्टेट कॉलेजचे अध्यक्ष एच. कौन्सिल ट्रेनहोम यांच्यापर्यंत एक पत्रक पोचलं होतं. आधी ते रागावलेले होते. बाईंनी अटकेची हकिगत सांगितली तसे निवळले. हे थांबवा, असं ते म्हणाले नाहीत. जपून करा, पडद्याआडून करा, कॉलेजचं नाव यात येऊ देऊ नका, एवढं मात्र त्यांनी बजावलं. वापरलेल्या कागदाचे पैसे आमची महिला संघटना भरेल, असं रॉबिन्सन यांनी त्यांना सांगितलं. तसे ते भरलेही. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्यांनी ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवली आहे.

मॉन्टगोमरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला, मार्टिन ल्यूथर किंग नावाचा सव्वीस वर्षांचा पाद्री त्यातून जगापुढे आला आणि बसमधला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयात घटनाबाह्य ठरला. एवढ्या मोठ्या गोष्टीत कागदाच्या बिलाची काय मातब्बरी! पण सरकारी पैशावर उभ्या असलेल्या संस्थेत काम करणाऱ्या माणसाच्या मनातला सगळा गुंता त्या बिलात आहे. अन्याय सरकारचा. कागदही सरकारचा. अन्यायाविरुद्ध लिहायला तोच कागद वापरला, तर ती चोरी होते का?

मराठीत याला खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग बहुतेक वेळा कौतुकानेच येतो. भीष्म कौरवांच्या बाजूने लढला तो मिठासाठीच, असं सांगून आपण त्याला अर्धी माफी देऊन टाकतो. मॉन्टगोमरीतल्या ख्रिस्ती मंडळींपुढे तोच प्रश्न दुसऱ्या रूपात होता. कर द्यावा की न द्यावा असं विचारणाऱ्यांकडे येशूने नाणं मागितलं आणि त्यावर चेहरा कुणाचा आहे, असं उलट विचारलं, ही शुभवर्तमानातली गोष्ट तिथे लहान मुलांनाही ठाऊक. किंग ज्या डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू चर्चमध्ये प्रवचन देत, तिथे या कॉलेजचे कितीतरी प्राध्यापक रविवारी येऊन बसत, आणि त्या चर्चपासून राज्याचं विधानभवन हाकेच्या अंतरावर. सोमवार ते शनिवार राज्याचा पगार, रविवारी देवाचं घर. दोन्हींमध्ये पाच मिनिटांचाही रस्ता नाही.

नाण्यावर चेहरा राजाचा असतो, हे खरं. पण नाणं कमावतं कोण?

या कॉलेजचा जन्म तपासला की हा प्रश्न नुसता शाब्दिक राहत नाही. यादवी युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. १८६७ साली अलाबामातल्याच मॅरियन गावी, कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या नऊ माणसांनी पाचशे डॉलर जमवून जागा घेतली आणि ‘लिंकन स्कूल’ काढलं. मिशनऱ्यांनी शिक्षक पुरवले. १८७४पासून राज्याचा पैसा येऊ लागला, आणि काळ्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी खर्चाने चाललेल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांत तिची गणना झाली. १८८७मध्ये ती मॉन्टगोमरीला हलली. तेवढ्यात न्यायालयाच्या एका निकालाने राज्याचा पैसा बंद झाला. जवळजवळ दोन वर्षं विद्यार्थ्यांची फी, देणग्या आणि विनामोबदला शिकवणारी माणसं यांच्यावर शाळा तगली. म्हणजे मीठ आधी घरचं होतं. सरकारचं नंतर आलं, आणि तेही काळ्या करदात्यांच्या खिशातून वळसा घालून.

मराठी वाचकाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. मॅरियनची शाळा निघाल्यानंतर सहा वर्षांनी, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ती अर्पण केली होती. १८८२मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी सरकारलाच जाब विचारला: महसूल जमतो राबणाऱ्या रयतेच्या घामातून, मग त्यातून शिक्षण वरच्यांचंच का व्हावं? मॅरियनच्या नऊ जणांना फुले ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण सरकारी अनुदान म्हणजे उपकार नव्हे, ती आपल्याच पैशाची परतफेड आहे, ही दृष्टी दोन्हीकडे एकच.

ट्रेनहोम यांना ही दृष्टी नव्हती, असं म्हणणं अन्यायाचं होईल. वडिलांच्या मृत्यूनंतर १९२५मध्ये, ऐन पंचविशीत, त्यांनी संस्था हातात घेतली तेव्हा ते कनिष्ठ महाविद्यालय होतं. त्यांनी ते चार वर्षांचं, पदवी देणारं कॉलेज केलं. अलाबामातल्या खेड्यापाड्यांतल्या काळ्या शाळांना शिक्षक पुरवणारी ती मोठी खाण झाली. हे सगळं ज्या राज्य शिक्षण मंडळाकडे हात पसरून करायचं, त्यात एकही काळा सदस्य नव्हता. गव्हर्नरच त्या मंडळाचा अध्यक्ष. दर अर्थसंकल्पाला टोपी हातात घेऊन उभं राहायचं, हसायचं, मान लववायची आणि दोन खोल्यांचे पैसे घेऊन परत यायचं. पस्तीस-छत्तीस वर्षं हे करणाऱ्या माणसाला भित्रा म्हणायला फार धाडस लागत नाही, तिथे उभं राहायला मात्र लागत असणार.

आणि त्या लवलेल्या मानेखाली काय वाढत होतं? महिलांची ती संघटना, विमेन्स पोलिटिकल कौन्सिल, १९४६ साली काढली या कॉलेजच्या इंग्रजी विभागप्रमुख मेरी फेअर बर्क्स यांनी. रॉबिन्सन १९५०पासून तिच्या अध्यक्ष. मे १९५४मध्ये त्यांनी शहराच्या महापौरांना पत्र पाठवून बसवरच्या बहिष्काराचा इशारा दिला होता, पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी. पार्क्स यांचा खटला लढवणारे तरुण वकील फ्रेड ग्रे याच कॉलेजचे. राज्याच्या विद्यापीठात काळ्यांना कायदा शिकता येत नव्हता म्हणून ते ओहायोत जाऊन वकील झाले आणि परत आले. किंग यांचे उजवे हात राल्फ अ‍ॅबरनथी, तेही इथलेच. ट्रेनहोम यांनी भाषण केलं नाही, मोर्चा काढला नाही. त्यांनी छप्पर सांभाळलं आणि छपराखाली काय चाललंय याकडे काणाडोळा केला. १९५५ सालच्या त्या खोलीत पडद्याआडून करा म्हणणारा अध्यक्ष, या लेखकाच्या मते, बरोबर होता.

गोष्ट इथे संपती तर ट्रेनहोम आज निव्वळ एक मुत्सद्दी म्हणून आठवले असते.

१९६०च्या १ फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो इथे चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या खानपान काउंटरवर जाऊन बसले आणि उठेनात. त्याचं लोण २५ फेब्रुवारीला मॉन्टगोमरीत आलं. अलाबामा स्टेटचे तीसेक विद्यार्थी जिल्हा न्यायालयाच्या तळघरातल्या उपाहारगृहात गेले आणि त्यांनी खायला मागितलं. मिळालं नाही, उपाहारगृहच बंद करण्यात आलं. सरकारी इमारत, सरकारी उपाहारगृह, करदात्यांची मुलं. गव्हर्नर जॉन पॅटरसन यांनी ट्रेनहोम यांना बोलावून या मुलांचा बंदोबस्त करायला सांगितलं. १ मार्चला शेकडो विद्यार्थी विधानभवनाच्या पायऱ्यांपर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी मंडळाने एकमताने ठरवलं: नऊ जणांना काढून टाका, वीस जणांना ताकीद देऊन ठेवा.

कारणे दाखवा नोटीस नाही, चौकशी नाही, बाजू मांडायची संधी नाही. मुलांच्या हाती पडलं ते फक्त पत्र. पत्रावर सही ट्रेनहोम यांची.

जूनमध्ये गव्हर्नरच्या हुकमावरून इतिहासाचे प्राध्यापक लॉरेन्स रेडिक यांना कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारून काढण्यात आलं. हे रेडिक म्हणजे किंग यांचे पहिले चरित्रकार. १९५९च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये किंग दांपत्य भारतात आलं तेव्हा तिसरे प्रवासी तेच होते. मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात, गांधीजींच्या खोलीत, किंग मुक्कामाला राहिले तो हाच दौरा. त्याला सव्वा वर्ष होतं न होतं तोच रेडिक बेकार झाले. रॉबिन्सन आणि बर्क्स यांनीही त्याच वर्षी राजीनामे दिले. एक लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंगला गेली, दुसरी मेरीलँडला. जाता जाता दोघींनी काळ्यांच्या सरकारी कॉलेजांचीच वाट धरली, हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

तर प्रश्न असा: १९५५चे ट्रेनहोम आणि १९६०चे ट्रेनहोम यांत फरक काय? माणूस तोच, हेतू तोच, संस्था वाचली पाहिजे. पहिल्या वेळी त्यांनी डोळे मिटले, दुसऱ्या वेळी सही केली. सत्तेच्या वळचणीला राहणाऱ्या माणसाच्या नीतीची सीमारेषा या दोन क्रियांच्या मध्ये कुठेतरी जाते. मौनाने तो स्वतःचं मोठेपण गमावतो, ते त्याचं त्याला परवडतं. सहीने तो दुसऱ्याचं मूल गमावतो. आणि ज्या मुलांसाठी छप्पर राखायचं, त्यांनाच बाहेर काढून राखलेलं छप्पर कुणासाठी, याचं उत्तर मुत्सद्देगिरीकडे नसतं.

सही केली नसती तर? पॅटरसन यांनी दुसरा अध्यक्ष आणला असता, त्याने केली असती. बचावाचा हा युक्तिवाद जगातल्या सगळ्या कचेऱ्यांत चालतो. पण त्याच महिन्यांत ग्रीन्सबरोच्या कॉलेजचे अध्यक्ष वॉर्मथ गिब्ज होते. त्यांचं कॉलेजही सरकारी, मुलांना आवरा असा दबाव त्यांच्यावरही आला. त्यांनी त्या चौघांना काढलं नाही. नॉर्थ कॅरोलिनाची हवा अलाबामाइतकी विखारी नव्हती, हे कबूल करायला हवं. तरीही सरकारी अध्यक्षाला दुसरा मार्गच नसतो, हे विधान एका उदाहरणानेही खोटं पडतं.

खरं उत्तर आलं ते न्यायालयातून. काढून टाकलेल्या मुलांपैकी सेंट जॉन डिक्सन आणि इतर काही जण भांडायला उभे राहिले. वकील पुन्हा फ्रेड ग्रे आणि सोबती. खालच्या कोर्टात हरले. तिथे मंडळाचे सदस्य साक्षीला आले तेव्हा मुलांना नेमकं कशासाठी काढलं, याबद्दल त्यांचं आपसांतही एकमत नव्हतं. ४ ऑगस्ट १९६१ रोजी अपील न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती रिचर्ड राइव्ह्ज हे मॉन्टगोमरीचेच, गोरे. सरकारी कॉलेजातून विद्यार्थ्याला काढण्याआधी आरोप सांगितले पाहिजेत आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हा त्यांचा निर्णय. राज्याचं म्हणणं होतं की कॉलेजात शिकणं हा हक्क नाही, ती सवलत आहे. राइव्ह्ज यांचं उत्तर असं: सवलत म्हणा हवं तर, पण ती देताना न्याय्य सुनावणीचा घटनात्मक हक्क सोडून द्या, अशी अट राज्याला घालता येत नाही. मिठाचा सौदा कायद्याने तिथे मोडीत काढला. अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्या सगळ्याच सरकारी कॉलेजांतले विद्यार्थी पुढे या निकालाच्या आधारावर उभे राहिले. रस्टिकेट होऊ घातलेल्या किती गोऱ्या पोरांना हा आधार आपल्याला कुणामुळे मिळाला हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पैशाचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांनी आणि कृषिमंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली. १८९०च्या कायद्याखाली काळ्यांसाठी निघालेल्या विद्यापीठांना तीन दशकांत मिळून १२ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम कमी दिली गेली, असं त्यांत होतं. ग्रीन्सबरोचं विद्यापीठही त्या यादीत आहे. गव्हर्नरच्या दारात टोपी घेऊन उभं राहणाऱ्यांचं मीठ किती होतं आणि त्यांना पोचलं किती, याचा हा सरकारी आकडा.

ट्रेनहोम यांनी १९६२मध्ये पद सोडलं आणि पुढच्याच वर्षी ते वारले. मॉन्टगोमरीत त्यांच्या नावाचं सरकारी कॉलेज आज चालू आहे. अलाबामा स्टेट १९६९पासून विद्यापीठ झालं. नऊ विद्यार्थ्यांच्या नोंदीवरचा हकालपट्टीचा शेरा राज्याच्या शिक्षण विभागाने खोडला तो २०१८मध्ये, अठ्ठावन्न वर्षांनी.